अलाइनमेंट पाठवताना

नाशिक रोडकडच्या एका साइडिंगची (बाजूच्या रुळाची) अलाइनमेंट, म्हणजे रुळाची आखणी, आज सिव्हिल थ्रीडी या डिझाइन सॉफ्टवेअरमधून लँडएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये काढली. अलाइनमेंटचा टाइप ‘रेल’च ठेवा, रस्त्याचा ठेवलात तर कँट (वळणावर बाहेरचा रूळ उचलणं) मिळत नाही. आपल्या रेल्वेला ट्रान्झिशन, म्हणजे सरळ रूळ आणि वळण जोडणारा तुकडा, क्युबिक पॅराबोला या वक्राचा लागतो. डीफॉल्टचा क्लोथॉइड हा दुसरा वक्र तसाच पडून राहतो, तो बघा. ४ अंशांचं वळण म्हणजे १७५० भागिले ४, त्रिज्या ४३७.५ मीटर. हा आकडा स्क्रीनवरची ग्रिप (पकडबिंदू) ओढून आणू नका, तक्त्यात टाइप करा. त्रिज्या बदलली की कँट परत काढायचा.

डीएक्सएफ ही साधी ड्रॉइंग फाइल नकोच, ट्रान्झिशनचे तुकडे पडतात. लँडएक्सएमएलमध्ये नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) आधी येतं, ईस्टिंग (पूर्वेकडचं) नंतर. आपल्या यूटीएम (नकाशाच्या जाळीची पद्धत) झोन ४३ मध्ये नॉर्दिंग सात आकडी, ईस्टिंग सहा आकडी. समोरच्याकडे उलटं वाचलं गेलं की रूळ गेले भलतीकडे! शिवाय यूटीएमवर नाशिकला जमिनीवरच्या किलोमीटरमागे वीस-तीस सेंटिमीटर कमी भरतात. टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) जागेवर अंतर मोजणारा त्यावरून भांडतो, आणि बरोबर तोच असतो.