महाल नसलेलं क्रिस्टल पॅलेस

लंडनच्या या भागात स्टेशनचं नाव क्रिस्टल पॅलेस, फुटबॉल क्लबचं तेच, बसच्या पाटीवरही तेच. त्यामुळे आई टेकडी चढून धापा टाकत वर आली आणि म्हणाली, "अगं, पण महाल कुठाय?"

महाल नाहीच. १९३६ साली ३० नोव्हेंबरच्या रात्री तो जळून गेला. उरलेत ते कुठेच न पोहोचणारे रुंद दगडी जिने, दोन्ही बाजूंना बसलेले स्फिंक्स आणि वर टीव्हीचा उंच मनोरा.

मुळात तो इथला नव्हेच. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनासाठी लंडनमधल्याच हाइड पार्कात उभारला होता. आराखडा जोसेफ पॅक्स्टनचा. हा माणूस आर्किटेक्ट नव्हे, एका ड्यूकचा माळी! रोपांसाठी काचघरं बांधता बांधता त्याला हात बसला होता. साडेपाचशे मीटरहून लांब इमारत, सगळी लोखंड आणि काच. पार्कातली जुनी एल्मची झाडं न तोडता छतच त्यांच्यावर कमानीसारखं उंच नेलं. साडेपाच महिन्यांत ६० लाख लोक येऊन गेले. कोहिनूरही तिथे मांडला होता, पण तो चमकेचना, म्हणून लोक हिरमुसले. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडले. एक पेनी देऊन वापरायची स्वच्छतागृहंही होती. ती सव्वाआठ लाखांवर लोकांनी वापरली. बाबा म्हणाले, "म्हणजे सुलभची पणजीच की!"

प्रदर्शन संपल्यावर सगळा सांगाडा सोडवून या टेकडीवर आणला आणि आधीपेक्षा मोठा करून १८५४ मध्ये पुन्हा उघडला. खालच्या तळ्याकाठी त्याच वेळचे डायनोसॉरचे पुतळे आहेत. ते आगीतून वाचले. इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग दिसतं, ते खरं तर त्याच्या अंगठ्याचं हाड! तेव्हाच्या शास्त्रज्ञांचा अंदाज चुकला होता, आणि ती चूक आजही तळ्याकाठी दिमाखात उभी आहे. मला तर बागेत तीच सगळ्यात आवडते.

बाबा तीस वर्षं डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला जात. त्यांना मी सांगितलं, काळा घोड्याच्या वॉटसन हॉटेलचा, म्हणजे आताच्या एस्प्लनेड मॅन्शनचा आराखडा करणारा ऑर्डिश या महालाच्याही कामावर होता. त्या हॉटेलचं लोखंड इंग्लंडात ओतून जहाजाने मुंबईला नेलं होतं. बाबा पायरीवर टेकले.

"ती टेकू लावलेली? तिच्याखालून तर रोज जायचो मी."

आईने डबा उघडला. थालीपीठ अजून गरम होतं.