'महिलांशी चर्चा झाली' या रकान्यापासून एमबीपर्यंत

प्रकल्प अहवालाला जोडायच्या नमुन्यात शेवटी-शेवटी एक रकाना असतो: 'महिलांशी चर्चा झाली का? होय / नाही.' पुढे तारखेला जागा, मागे सह्यांचा कागद. मी स्थापत्य अभियंता आहे, सोलापुरात एका सल्लागार कंपनीत रस्ते आणि गटारांची कामं बघते. नोकरीची पहिली काही वर्षं मी तिथे 'होय' लिहून पुढे जात होते. त्यात खोटं काही नव्हतं. सभा व्हायची, चार-सहा बायका यायच्या, सह्या-अंगठे व्हायचे. पण त्या सह्यांमुळे नकाशावरची एक रेघही कधी हलली नाही, हे मला ज्या कामावर कळलं, त्याबद्दल लिहिते आहे. आमच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुली विचारतात, 'हे जेंडरचं नेमकं करायचं कसं?' त्यांच्यासाठीही.

काम शहराच्या पूर्व भागातलं. विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीतून जाणारा, दोन किलोमीटरला थोडा कमी रस्ता. काँक्रीटीकरण, दोन्ही बाजूंना बंदिस्त गटार, पदपथ, पथदिवे. सभा समाजमंदिरात ठेवली, सकाळी साडेदहाला. खुर्च्यांवर पन्नासेक पुरुष, मागे सतरंजीवर सहा बायका. मागण्या भरपूर आल्या: गतिरोधक, चौकात कमान, देवळासमोर पेव्हिंग ब्लॉक. शेवटी मी मागे वळून बायकांना विचारलं. त्यातली एक म्हणाली, "तुमी कराल ते चांगलंच की मॅडम." मी रकाना भरला.

रात्री जेवताना आईला हे सांगितलं. आईने वीस वर्षं विड्या वळल्या आहेत. माझ्या डिप्लोमाची फी त्याच पैशातून गेली. तिने एवढंच विचारलं, "सभा किती वाजता ठेवलीस? साडेधाला बायका कुठं असतात, ठाऊक नाही होय तुला?"

ठाऊक होतं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर त्याच रांगेत उभी राहायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: तेंदूपान, तंबाखू आणि दोरा कंपनीच्या ब्रँचमधून मिळतो. बाई घरी विड्या वळते आणि सकाळी मोजून द्यायला ब्रँचमध्ये जाते. हजार विड्या म्हणजे २५ च्या ४० जुड्या. तिथे तपासणारा बसलेला असतो. त्याला पटली नाही ती विडी तो बाजूला काढतो आणि तिचे पैसे मिळत नाहीत. मग पुढच्या दिवसाचं पान घ्यायचं. सकाळ त्यातच जाते. ज्यांच्यासाठी नमुन्यात तो रकाना आहे, त्या साऱ्या जणी माझ्या सभेच्या वेळी रांगेत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडून आठवडा मागून घेतला. त्यांनी दिला, हे सांगायलाच हवं.

पहिले तीन दिवस सकाळी मी बायकांबरोबर घरापासून ब्रँचपर्यंत चालले. आई सोबत होती. वस्तीतल्या बऱ्याच जणी तेलुगू बोलतात. रांगेत उभं राहून-राहून आई ती भाषा शिकली आहे, ते इथे उपयोगी पडलं. एक अक्का रोज भेटायच्या. कमरेवर विड्यांची पिशवी, दुसऱ्या हाताला नात. रस्त्याच्या एका तुकड्याला जुना पदपथ आहे, पण अक्का त्याच्यावर कधीच चढल्या नाहीत. सुताचे गठ्ठे नेणारे टेम्पो आणि रिक्षा यांच्यामधून, रस्त्याच्या कडेने चालत राहिल्या. मी विचारलं, "अक्का, वरून का चालत नाही?" त्या थांबल्या, आधी पिशवीकडे बघितलं, मग नातीकडे, मग निऱ्यांकडे. चढायला निऱ्या उचलाव्या लागतात. त्यासाठी एक हात मोकळा लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता.

मी टेप लावून मोजलं. पदपथ रस्त्यापासून २८ सेंटीमीटर उंच होता. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची १०३ क्रमांकाची संहिता सांगते की कडेची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. ऑफिसला येऊन आमचा नवा नकाशा उघडला. त्यातही उंची २५ च होती. जुन्या कामाचा क्रॉस सेक्शन जसाच्या तसा उचललेला होता, आणि तो उचलणारी मीच होते.

दुपारी तीननंतर मी घरोघरी ओट्यांवर जाऊन बसू लागले. चार-पाच जणी मिळून विड्या वळत बसतात, मांडीवर सूप, हात अखंड चालू. 'तुम्हाला काय हवं?' हा प्रश्न मी सोडून दिला. त्याला 'कराल ते चांगलंच' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारलं, "काल दिवसभरात कुठं कुठं गेलात?" नकाशाची मोठी प्रत जमिनीवर पसरली. एका मुलीने स्वतःहून विडी बांधायचा दोरा घेतला आणि आपल्या घरापासून ब्रँचपर्यंत ठेवला. मग रेशन दुकान, अंगणवाडी, दवाखाना, पुन्हा घर. तिचं बघून बाकीच्यांनीही ठेवले. अर्ध्या तासात नकाशावर दोऱ्यांचं जाळं झालं आणि मला जे दिसलं ते आमच्या वाहतूक मोजणीत कुठेच नव्हतं. आम्ही रस्त्याच्या लांबीने जाणारी वाहनं मोजली होती. या बायकांची ये-जा रस्त्याला आडवी होती. घरं एका बाजूला. ब्रँच, अंगणवाडी आणि रेशन दुसऱ्या बाजूला. जवळजवळ सगळे दोरे एकाच ठिकाणी रस्ता ओलांडत होते. आमच्या नकाशात नेमका तिथे सलग दुभाजक होता. काम तसंच झालं असतं तर ओझं आणि पोर घेऊन या बायकांना वळसा तरी पडला असता, नाहीतर दुभाजकावरून उड्या.

दुसरी गोष्ट पाण्याची. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे वेगळं सांगायला नको. पाण्याची पाळी आली की वेळ कुठलीही असते, आणि ती वेळ बायकांनाच सांभाळावी लागते. पहाटे अंधारात घागरी घेऊन कुठल्या कोपऱ्यावर उभं राहावं लागतं, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं. आमचे दिव्याचे खांब नियमाप्रमाणे समान अंतरावर होते. त्या कोपऱ्याला मात्र एकाचाही उजेड पोचत नव्हता.

आता अंदाजपत्रक. या टप्प्यावर बहुतेक चांगल्या गोष्टी मरतात. साहेब म्हणाले, "भावना ठीक आहे, पण डीएसआरमधला आयटम कुठला धरायचा?" डीएसआर म्हणजे कामांच्या दरांची सरकारी सूची. त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटतं, प्रश्न अगदी रास्त होता. मी पहिल्यांदा केलं ते असं: अंदाजपत्रकाच्या तळाशी 'महिला सुविधा, एकरकमी' अशी एक ओळ टाकली. पहिल्याच छाननीत ती गेली. एकरकमी ओळीला ना परिमाण असतं ना दर, त्यामुळे रक्कम कमी करायची म्हटलं की पहिली कात्री तिच्यावरच चालते.

दुसऱ्या वेळी ती ओळ काढली आणि मूळ नकाशाच बदलला. पदपथाची उंची १५ सेंटीमीटर. दोरे जिथे एकवटले होते तिथे दुभाजक तोडून टेबलटॉप क्रॉसिंग, म्हणजे पदपथाच्या पातळीला उचललेला ओलांड-मार्ग. तिथून जाणाऱ्या गाडीला वेग कमी करावाच लागतो, त्यामुळे पुरुषांनी मागितलेला एक गतिरोधकही त्यातच भागला. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी खांबांची जागा बदलली आणि काही वाढवले. काँक्रीटखालून आडवे मोकळे पाईप टाकून ठेवले, म्हणजे नळजोडणीसाठी पुढे रस्ता फोडायला नको. प्रत्येकाला स्वतःचं परिमाण, स्वतःचा दर. पदपथ खाली आल्याने भरावाचा मुरूम उलट वाचला. दोऱ्यांच्या नकाशाचा फोटो अहवालात लावला आणि खाली सविस्तर कारण लिहिलं. हे सगळं मंजूर झालं.

आशियाई विकास बँकेच्या प्रकल्पांत लैंगिक समानतेच्या दृष्टीने प्रकल्पाच्या चार श्रेणी करतात आणि वरच्या श्रेणींतल्या प्रकल्पाला जेंडर ॲक्शन प्लॅन, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेसाठीचा कृती आराखडा, लागतो. आमच्या कामाला असं बंधन नव्हतं. तरी मी त्यांचे काही आराखडे वाचले. त्यातली एकच गोष्ट मी उचलली: प्रत्येक कृतीपुढे आकडा हवा, जबाबदार व्यक्ती हवी आणि पैसे कुठून येणार ते हवं.

निविदा, कार्यादेश वगैरे नेहमीसारखं झालं. खरी परीक्षा काम सुरू झाल्यावर होती.

पहिल्या महिन्याचं मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, माझ्यासमोर आलं तेव्हा त्यात एकही बाई नव्हती. साइटवर तर मी रोज बायकांना डोक्यावर पाट्या वाहताना बघत होते. मुकादमाला विचारलं तर तो सहज म्हणाला, "जोडी आहे ना मॅडम." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बांधकामावरही तसंच. दोघांचं काम, एक नाव, एक हिशोब, आणि पैसे नवऱ्याच्या हातात. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. पण जिचं नावच मस्टरवर नाही, तिचं वेतन कमी की समान हे ताडून बघणार कसं?

निविदेत आम्ही विशेष अट घातली होती: प्रत्येक मजुराचं नाव स्वतंत्र, मजुरी ज्याच्या त्याच्या खात्यावर. ठेकेदाराचं म्हणणं, मजूरच तसं मागतात. ते अर्धं खरं होतं. काही बायकांचं खातंच नव्हतं, काहींचं गावाकडच्या बँकेत होतं. सगळं मार्गी लागायला दीड महिना गेला. शेवटी नवऱ्यांना पटलं ते वेगळ्याच कारणाने. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बायकोचं नाव मस्टरवर नसेल तर तिचे नव्वद दिवस कधीच भरत नाहीत, आणि मग मंडळाच्या योजना घराला एकाच्याच नावावर मिळतात. हे गणित एका तरुण मजुराने बाकीच्यांना माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

पाळणाघराचंही मूळ मस्टरमध्येच आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात पन्नासपेक्षा जास्त महिला कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सांगितलं होतं. पण बायका 'जोडी'त लपल्या की पन्नासचा आकडा कुठल्याच साइटवर भरत नाही. आमच्याकडे खऱ्या मोजणीतही पन्नास भरत नव्हत्या. म्हणून संख्या कितीही असो, पाळणाघर हवंच अशी अट होती, दरमहा दराने आयटम धरून.

ठेकेदाराने पत्र्याची खोली उभी केली. एप्रिल होता, पारा ४२ च्या पुढे. दुपारी बारा वाजता मी आत गेले तर आत कुणीच नव्हतं. एक वर्षाचं पोर बाहेर, उभ्या मिक्सरच्या सावलीत, साडीच्या झोळीत झोपलं होतं. मिक्सर कामावर गेला की सावलीही जाणार. त्याची आई वीस पावलांवर खडी भरत होती आणि दर पाटीला मान वळवून झोळीकडे बघत होती. ती खोली कागदावर पाळणाघर होती आणि त्या महिन्याच्या बिलात तिची रक्कमही लावलेली होती. मी ती खोडली. त्यावरून बरंच बोलणं झालं, पण खोडलेली रक्कम खोडलेलीच राहिली.

मग वस्तीतल्या बायकांनीच मार्ग काढला. माझी पहिली सभा झाली होती ते समाजमंदिर दिवसभर रिकामं असतं. जाड भिंती, पंखा, मागे नळ आणि संडास. पंचांनी किल्ली दिली. मजुरांपैकीच एका वयस्क बाईला पूर्ण बिगारी दराने मुलं सांभाळायला ठेवलं. संडास मिळाल्याचा परिणाम मला अपेक्षित नव्हता इतका झाला. तोवर बायका आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत पाणीच पीत नव्हत्या, त्या उन्हात. आता त्या दुपारच्या सुट्टीत तिथे जायच्या आणि पोराला पाजून, स्वतः पाणी पिऊन यायच्या. एमबीमध्ये, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमाप पुस्तकात, मी ओळ लिहिली: 'पाळणाघर, ४ महिने.' काँक्रीटच्या घनमीटरच्या खालीच.

एक गोष्ट राहिली: ब्रँचजवळचं महिला स्वच्छतागृह. रांगेत तासन् तास उभं राहणाऱ्या बायकांची ही पहिली मागणी होती, आणि ओट्यावर तिसऱ्या-चौथ्या भेटीतच ती ओठावर आली. मागणी योग्यच होती. स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी मार्गदर्शक सूचनांत सामुदायिक शौचालयाचं प्रमाण ३५ पुरुषांमागे एक सीट आणि २५ महिलांमागे एक असं आहे. पैशांचीही सोय बसत होती. अडलं जागेवर. सगळ्यांना हवं आहे, आपल्या भिंतीला लागून मात्र कुणालाच नको. पहिली जागा हरकतीत गेली. दुसरी जागा पाण्याच्या टाकीपासून लांब होती, आणि पाणी नसलेलं स्वच्छतागृह महिन्याभरात कुलूपबंद होतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्या जागेला मीच नकार दिला.

याच शहराशेजारी कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंगांच्या हस्ते घरं दिली गेली. तेवढ्या घरांना जमीन मिळाली, तर चार सीटच्या एका खोलीलाही मिळेल, असं आई मला मधूनमधून सुनावते.

गेल्या महिन्यात तिसरी जागा सुचवून प्रस्ताव पुन्हा दिला. ही जागा अक्कांनी दाखवली आहे: ब्रँचच्या मागची बाजू. तिथे दिवा आहे, नळ जवळ आहे, आणि दार रस्त्याकडे न ठेवता रांगेकडे ठेवता येतं. परवा मोजणीला जायचं आहे. वेळ त्यांनीच ठरवली, दुपारी तीननंतर.