आमची वाटचाल : जुन्या लॅपटॉपवर चालणारं दुकान

२०११ ला पुण्यात नारायण पेठेत छोट्याशा गाळ्यात सुरवात केली तेव्हा आमचा धंदा म्हणजे असेंबल पीसी, माल तपकीर गल्लीतून उचलायचा, जोडायचा, विंडोज टाकायचं आणि घरी जाऊन लावून द्यायचं. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास थायलंडमध्ये पूर आला, तिकडचे हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि इथे ५०० जीबीचा भाव बघता बघता दुपटीच्या पुढे गेला. दिलेली कोटेशनं सगळी फुकट. धाकटा भाऊ तेव्हाच म्हणाला, दादा नवीन विकण्यात आपल्याला काही सुटत नाही, लोकांकडे आहे तेच चालू ठेवू.

एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क, तेव्हा नुसती ऐकून माहीत. १२० जीबीचा भाव सांगितला की गिऱ्हाईक आमच्याकडे वेड्यासारखं बघायचं. नंतर भाव उतरत गेले, २०२३ पर्यंत २४० जीबी दीड हजाराच्या आसपास आली आणि तोवर जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हेच आमचं निम्मं काम झालं होतं.

कारण सोपं आहे. "लॅपटॉप स्लो झालाय" म्हणून जे येतात त्यांचा प्रोसेसर बहुतेक वेळा ठणठणीत असतो, अडतं ते मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कपाशी. सलग मोठी फाईल वाचायला ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास देते, वाईट नाही, पण विंडोज चालू होताना हजारो बारक्या फाईली इकडून तिकडून वाचायच्या असतात आणि दर वेळी डिस्कमधलं वाचणारं हेड हलायला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००% आणि माणूस चहा पिऊन आला तरी गोल फिरतंच आहे. एसएसडीत हलणारं काहीच नाही. साधीनेही हे अडणं सुटतं, म्हणून आम्ही महागडी घ्या असं कधी सांगत नाही. जुन्या मशीनचं डिस्क जोडायचं साटा पोर्टच सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही, त्याहून जुन्यांत तर त्याच्या निम्मं, मग भारी मॉडेलचे पैसे कशाला? उरलेल्या पैशात रॅम ८ जीबी करा.

सेलमध्ये स्वस्त मिळाली म्हणून एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान जोडणीची एसएसडी, घेऊन येणारे बरेच. स्लॉट एम.२ चाच, म्हणजे कार्डासारखी एसएसडी खोचायचा असतो, कार्ड बसतंही, पण काही जुन्या लॅपटॉपच्या त्या स्लॉटला फक्त साटा कळतं, मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, ड्राइव्ह दिसतच नाही. घेण्याआधी विचारा हो, विचारायचे पैसे नाही घेत.

दुकानात आलात तर टेबलावर पांढरा कागद दिसेल, त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने डकवलेला. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर वरच्या बाजूला पामरेस्टला, म्हणजे मनगट टेकायच्या जागी, फुगवटा येतो, दुसरीकडून उघडून आलेल्या मशीनमध्ये हे नेहमी दिसतं. रबरी पायाखाली लपलेला स्क्रू तर हमखास विसरतात आणि मग पटाशी घालून प्लास्टिक तोडतात. जुनी डिस्क ९.५ मिमी जाडीची आणि एसएसडी ७ ची असेल तर फरक भरायला स्पेसरची पट्टी घालतो, नाहीतर आत हलत राहते.

अप्पा बळवंत चौकाकडचे डीटीपीवाले, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवून देणारे, आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. पेजमेकर, श्रीलिपी, वर्षानुवर्षांच्या पत्रिकांच्या फाईली, त्यांना नवीन विंडोज नकोच असतं, सगळं होतं तिथंच हवं. त्यांना क्लोन करून देतो, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवून, पण आधी डिस्कची तब्येत बघून. बॅड सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या खराब जागा, असतील तर क्लोनच्या भानगडीत न पडता पहिला डेटा बाहेर. सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या पोरांचं गणित वेगळं, लेक्चरचे व्हिडिओ ढीगभर आणि बजेट जेमतेम. त्यांना २४० ची एसएसडी विंडोजसाठी आणि जुनी डिस्क डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणाऱ्या चौकटीत, म्हणजे कॅडीत. ज्यांना कॅडी नको त्यांची जुनी डिस्क हातात परत देतो, आमच्याकडे ठेवत नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या, नवीन लॅपटॉप मिळेनात, तेव्हा माळ्यावरची मशीनं खाली आली आणि आम्ही सोसायट्यांच्या गेटवरून ती गोळा करत फिरलो. दुकान टिकलं ते त्या कामावर.

काही मशीनना नाहीच म्हणतो. स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं, रॅम २ जीबी तीही सोल्डर, बिजागर तुटलेलं, असल्यावर पैसे घालू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, त्यामुळे सातवीपर्यंतच्यांना काम फक्त ब्राउझर आणि पत्रांपुरतं असेल तर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स मिंट टाकून देतो. काका लोक आधी कुरकुरतात, मग वापरतात.

२०२५ च्या शेवटी एआयची डेटा सेंटरं मेमरी चिप उचलायला लागल्यापासून एसएसडी आणि रॅमचे भाव पुन्हा चढलेत. म्हणून हल्ली फोनवर आकडा सांगत नाही. लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मॉडेल नीट वाचता येईल असा, त्या दिवशीचा भाव कळवतो.