छोटी जर्नल्स, लायब्ररीचे पैसे आणि बायोवन नावाचा एक प्रयोग

लायब्ररीच्या सिरियल्स विभागात, म्हणजे जर्नल्सचं बघणाऱ्या विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, वर्षातला सगळ्यात वैतागाचा काळ कुठला, उत्तर एकच येईल, रिन्यूअल, पुढच्या वर्षी कुठली जर्नल्स घ्यायची ते ठरवायचं. एक भलीमोठी एक्सेल शीट, त्यात वरच्या दोनचार ओळी म्हणजे मोठ्या कंपन्यांची पॅकेजेस, बजेटचा बराचसा भाग तिथेच संपतो, आणि खाली मग छोट्या छोट्या सायंटिफिक सोसायट्यांची, म्हणजे शास्त्रज्ञांच्या संघटनांची, एकेक जर्नल्स. पैसे कमी पडले की कात्री कुठे लागते? खालीच. पॅकेज तोडता येत नाही ना, त्यातलं नको असलेलं जर्नल काढा म्हटलं तर राहिलेल्यांची किंमत अशी काही सांगतात की गप्प बसून सगळंच घ्यावं लागतं. म्हणजे महाग कोण आहे ते सगळ्यांना माहितीये, आणि बळी स्वस्तवाल्याचा. मी हे काम करते म्हणून मला याचा राग जरा जास्तच येतो, समजून घ्या.

हा प्रकार आजचा नाही. 1986 ते 2000 या काळात अमेरिकेतल्या मोठ्या रिसर्च लायब्ररींना एकेका जर्नलमागे मोजावे लागणारे पैसे तिपटीच्या वर गेले. महागाई त्याच्या जवळपासही वाढली नव्हती, बजेट तर त्याहून नाही. त्याच सुमारास जर्नल्स वेबवर यायला लागली, आणि छोट्या सोसायट्यांची खरी पंचाईत तिथे झाली. शेवाळ आणि दगडफुलाच्या अभ्यासाचं 'द ब्रायोलॉजिस्ट' घ्या, किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांवरचं 'हर्पेटोलॉजिका'. असली जर्नल्स चालवणारी माणसं मूळची शास्त्रज्ञ, संपादन करतात ते आपलं संशोधन सांभाळून, आणि सोसायटीचा खर्च कशावर चालतो तर सभासदांची वर्गणी आणि लायब्ररींचं सबस्क्रिप्शन. ऑनलाइन जायचं तर सर्व्हर, सॉफ्टवेअर, लॉगिन, सर्च, एवढं सगळं उभं करायला पैसा आणणार कुठून? मग दोनच रस्ते, एक तर जर्नल मोठ्या प्रकाशकाच्या ताब्यात द्या, नाहीतर कागदावरच राहा आणि हळूहळू कुणाच्या सर्चमध्येच येऊ नका.

बायोवन, म्हणजे जीवशास्त्राच्या छोट्या सोसायट्यांची जर्नल्स एकत्र देणारी साइट, या भानगडीतून निघालं. 1999 मध्ये पाच जण एकत्र आले: अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ बायोलॉजिकल सायन्सेस, म्हणजे जीवशास्त्राच्या बऱ्याच सोसायट्यांची छत्री संस्था, मग स्पार्क, ही रिसर्च लायब्ररींच्या संघटनेने 1998 मध्ये महागड्या जर्नल्सना पर्याय उभे करायला काढलेली, युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्सस, तिकडच्या लायब्ररींचा एक गट आणि अ‍ॅलन प्रेस. हे अ‍ॅलन प्रेस कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावचं, कितीतरी सोसायट्यांची जर्नल्स आधीपासून तिथेच छापली जात होती. गंमत बघा, छापखाना आणि युनिव्हर्सिटी एकाच गावात. 2001 च्या एप्रिलमध्ये साइट सुरू झाली, साधारण चाळीसेक जर्नल्स घेऊन, आज ती दोनशेच्या आसपास आहेत. संस्था नॉनप्रॉफिट.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे पैशाची मांडणी. काही लायब्ररींनी साइट तयार व्हायच्या आधीच पैसे दिले, पुढच्या वर्षांच्या सबस्क्रिप्शनमध्ये वळते होतील या बोलीवर. म्हणजे नेहमी फक्त गिऱ्हाईक असलेली लायब्ररी इथे भांडवल घालणारी झाली. आणि जमलेल्या पैशातला वाटा सोसायट्यांना परत जातो तो दोन गोष्टी बघून, तुम्ही किती मजकूर दिला आणि तो किती वाचला गेला.

आता कुणी म्हणेल वा, किती छान, सगळे मिळून ज्ञानासाठी झटताहेत. तसं काही नव्हतं हो. लायब्ररी आणि सोसायटी यांचं मुळातच पटणं अवघड आहे, कारण लायब्ररीला जर्नल स्वस्त हवं, जमलं तर सगळ्यांना फुकट हवं, आणि सोसायटी जगते ती लायब्ररीने दिलेल्या पैशावर, त्यातूनच विद्यार्थ्यांना परिषदेला यायला थोडी मदत, पुरस्कार, ऑफिसातल्या एखाद्या माणसाचा पगार. शिवाय सोसायटीला भीती अशी की जर्नल लायब्ररीतून ऑनलाइन सहज मिळायला लागलं तर प्रोफेसर मंडळी सभासद कशाला राहतील, कारण अनेकांसाठी सभासदत्वाचा फायदा म्हणजे घरी येणारा अंक, दुसरं काय. ही भीती खोटी नव्हती. बायोवनने काय केलं तर हे भांडण एका टेबलावर आणलं, मिटवलं असं मी म्हणणार नाही.

आणि मग कंटाळवाणं काम, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. पीडीएफ चढवली की जर्नल ऑनलाइन झालं असं लोकांना वाटतं. नाही. लेखाचा प्रत्येक तुकडा टॅग करावा लागतो, हे लेखकाचं नाव, हे शीर्षक, हा तक्ता, आणि मागच्या संदर्भांच्या यादीतला एकेक संदर्भ फोडून लेखक वेगळा, वर्ष वेगळं, पान वेगळं, कारण त्याशिवाय एका लेखातून दुसऱ्या लेखात लिंक जात नाही. (क्रॉसरेफ 2000 मध्ये सुरू झालं ते याच लिंकांसाठी, डीओआय नंबर, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ओळख-नंबर, मिळतात तेही तिथेच.) प्राण्यांवरचा लेख असेल तर जातीचं लॅटिन नाव इटॅलिकमध्येच हवं, नर-मादीची चिन्हं हवीत, फॉन्ट नसला की तिथे नुसता चौकोन दिसायचा. एखाद्या सोसायटीने एकटीने हे करायचं म्हटलं तर संपादकाचं कंबरडं मोडेल, चाळीस जर्नल्स एकत्र केली की तेच काम परवडतं. एवढं साधं गणित आहे.

या विषयात जुने लेख कधी जुने होत नाहीत हे आणखी एक. एखाद्या कोळ्याचं किंवा शेवाळाचं पहिलं वर्णन पन्नास वर्षांपूर्वी छापलेलं असलं तरी आजच्या अभ्यासकाला तेच उघडून बघावं लागतं, नाव कुणी आधी दिलं त्यावरच सगळं ठरतं. म्हणून सबस्क्रिप्शन बंद केल्यावर आधी पैसे भरलेल्या वर्षांचे अंक दिसणार की नाही हा प्रश्न लायब्ररीवाले इतक्या हट्टाने विचारतात. छापील अंक कपाटात असायचा, कंपनी बुडाली तरी आपलाच. स्टॅनफर्डच्या लायब्ररीत 1999 मध्ये लॉक्स सुरू झालं ते याच चिंतेतून, एकाच मजकुराच्या प्रती वेगवेगळ्या लायब्ररींत ठेवायच्या आणि एकमेकांशी ताडून बघत राहायचं.

पण लायब्ररीतून निघालं म्हणजे कायम लायब्ररीचंच राहील, असं धरून चालू नका. सोसायट्यांची जर्नल्स वेबवर चढवून देणारं हायवायर हे स्टॅनफर्डच्या लायब्ररीचंच मूल, 1995 मध्ये बायोकेमिस्ट्रीच्या सोसायटीचं जेबीसी नावाचं जर्नल ऑनलाइन आणून सुरू झालेलं, किती सोसायट्यांना त्याने वेबवर आणलं, आणि 2014 मध्ये ते एका प्रायव्हेट इक्विटी कंपनीकडे, म्हणजे नफ्यासाठी कंपन्या विकत घेणाऱ्यांकडे गेलं. बीप्रेसचं तर विचारूच नका, ते मुळात बर्कलीच्या प्रोफेसरांनी काढलेलं, कितीतरी लायब्ररी आपली रिपॉझिटरी, म्हणजे आपल्या संशोधकांच्या लेखांचा ऑनलाइन साठा, त्यांच्या सॉफ्टवेअरवर चालवत होत्या आणि 2017 मध्ये ते एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाने विकत घेतलं. मोठ्या प्रकाशकाला पर्याय म्हणून आपण ज्याला पैसे भरत होतो, तो एका सकाळी मोठ्या प्रकाशकाचाच झाला! उलट मानव्यशास्त्रांच्या जर्नल्सचं प्रोजेक्ट म्यूज आजही जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीकडे आहे, गणिताच्या जर्नल्सचं प्रोजेक्ट यूक्लिड कॉर्नेल लायब्ररी आणि ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेस मिळून चालवतात. बायोवनने 2019 मध्ये साइट हलवली ती एसपीआयईच्या प्लॅटफॉर्मवर, ही ऑप्टिक्सवाल्यांची सोसायटी, म्हणजे एका सोसायटीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या सोसायट्या वापरताहेत. मला हे फार पटलं.

बायोवनलाही धक्के बसलेच. कीटकशास्त्राच्या अमेरिकन सोसायटीने आपली जर्नल्स ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे नेली, मग सस्तन प्राण्यांवाले गेले, 2019 पासून पक्ष्यांवरची 'ऑक' आणि 'कॉन्डोर' ही दोन जुनी नावाजलेली जर्नल्सही तिकडेच. त्यांची कारणं त्यांना ठाऊक, आणि ऑक्सफर्डही काही नफेखोर कंपनी नाही. पण साधारणपणे असं होतं की मोठा प्रकाशक दरवर्षी ठरलेली रक्कम लिहून देतो, आणि एकत्र चालवलेल्या संस्थेत वाटा कमी-जास्त होतो. खजिनदाराच्या खुर्चीत मी असते तर मीही दोनदा विचार केला असता. त्रास एवढाच की ज्यांना सगळे वाचतात ती जर्नल्स निघून गेली की मागे राहिलेल्यांचं पॅकेज हलकं होतं.

सध्या चर्चा सबस्क्राइब टू ओपन या पद्धतीची. अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज या नॉनप्रॉफिट प्रकाशकाने ते मोठ्या प्रमाणावर केलं: आहेत त्या लायब्ररींनी नेहमीसारखं सबस्क्रिप्शन भरायचं, पुरेसे पैसे जमले तर त्या वर्षीचा खंड सगळ्या जगाला खुला, नाही जमले तर बंद. लेखकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, ही मोठी गोष्ट, कारण शेवाळावर काम करणाऱ्याकडे लेख छापायला हजारो डॉलर कुठले असणार. धोका उघड आहे, फुकट मिळणार असेल तर मी कशाला भरू असं एखाद्या लायब्ररीच्या वरच्या साहेबाने विचारलं की संपलं.

आणि ते विचारतातच. रिन्यूअलच्या मीटिंगमध्ये एका डाउनलोडला किती पैसे पडले हा कॉलम सगळ्यात आधी उघडला जातो, त्यात छोटं जर्नल कधीच जिंकत नाही, जगात दगडफुलाचा अभ्यास करणारे आहेतच किती! यंदा मी त्या शीटमध्ये एक कॉलम स्वतःच वाढवलाय, मालक कोण. अजून कुणी त्याबद्दल काही विचारलेलं नाही, पण मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे.