होटगी रोड ते बारामती: सेस्ना 152 मधला तासभर

सोलापूरहून बारामतीला सरळ रेषेत अंतर भरतं साधारण 85 नॉटिकल मैल, म्हणजे 157 किलोमीटर. सेस्ना 152 हे दोघांचं छोटं शिकाऊ विमान 90 नॉटनं (ताशी 90 नॉटिकल मैल) उडतं असं धरलं, तर वारा नसताना 57 मिनिटं. पण पश्चिमेचा वारा हा नाकावर येणारा वारा, त्यामुळे कागदावर नेहमी एक तास दहा मिनिटं लिहायची. विमान बाहेर काढणं, तपासणं आणि पोचल्यावर दोरीनं बांधणं हे सगळं धरलं तर टेंभुर्णीमार्गे गाडीनं निघालेला माणूस फारसा मागे राहत नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. घाई असलेल्यासाठी हे विमान नाही.

152 चं उत्पादन 1977 ते 1985 एवढंच झालं. साडेसात हजारांहून अधिक विमानं बनली आणि त्यातली बरीच अजून शिकाऊ पायलटांच्या हाती आहेत. तिच्या आधीच्या 150 मध्ये 100 अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन होतं. 152 मध्ये लायकॉमिंगचं ओ-235 आलं, 110 अश्वशक्तीचं. बदलाचं मुख्य कारण इंधन. जुनं 80 ऑक्टेन पेट्रोल बाजारातून जायला लागलं आणि निळं 100 एलएल (कमी शिशाचं 100 ऑक्टेन) आलं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांनी त्याआधी पुष्पक खूप उडवलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, दोघांनी शेजारी-शेजारी बसायचं, कापडी आवरणाचं आणि शेपटीला चाक असलेलं ते विमान 1958 साली पहिल्यांदा उडालं. ज्यांच्या नेतृत्वाखाली ते घडलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. पुष्पकवर हात बसलेल्या जुन्या मंडळींना 152 फारच सोपी वाटते, आणि नाकाखाली चाक असल्यामुळे जमिनीवर ती खरोखरच सोपी आहे. सोलापूरच्या उन्हात मात्र तिचा हिशेब कडक होतो.

हिशेब असा. हवा तापली की पातळ होते आणि विमान जास्त उंचीवर असल्यासारखं वागतं. सोलापूरचा होटगी रोडचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,584 फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान 12 अंश. मे महिन्यात दुपारी 40 अंश झाले म्हणजे 28 अंशांचा फरक; दर अंशाला साधारण 120 फूट धरले तर 3,360. म्हणजे विमानाच्या लेखी आपण जवळपास 4,950 फुटांवर उभे आहोत. हवेचा दाब कमी असेल तर आकडा आणखी चढतो. सकाळी सातला 27 अंश असताना हाच आकडा 3,400 च्या आसपास असतो. समुद्रसपाटीला मिनिटाला 715 फूट चढणारं नवंकोरं विमान इथे भर दुपारी पूर्ण वजनाने साडेपाचशेच्या आसपास येतं, आणि तीस-चाळीस वर्षं झिजलेलं इंजिन त्याहून कमी देतं. रनवे दोन किलोमीटरच्या पुढचा आहे, जमीन सोडायला जागा भरपूर. अडचण असते ती जमीन सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांची. म्हणून आमचं सोलापूरचं निघणं कायम सकाळचं.

दुसरा हिशेब वजनाचा. कमाल वजन 757 किलो. रिकामं विमान, रेडिओ वगैरे धरून, 510 च्या आसपास भरतं (प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा, त्याच विमानाचा कागद बघायचा). टाक्या भरल्या तर 98 लिटर, म्हणजे 71 किलो. उरले 176. पंचाहत्तर किलोची दोन माणसं बसली की मागच्या सामानाला 26 किलो. सोलापूरहून निघताना कुणी चार-पाच चादरी, शेंगा चटणीचे डबे आणि कडक भाकरीचं बोचकं घेऊन हजर होतं, तेव्हा ते सगळं वजनकाट्यावर ठेवायचं. भाकरीनं काही बिघडत नाही, चादरी महागात पडतात.

इंधनाचंही लगेच सांगतो. आखडतं घेतलं तरी तासाला 22 लिटर धरावेत. इंजिन सुरू करणं, टॅक्सी (जमिनीवरून चालवत नेणं) आणि चढ यांना चार-पाच लिटर जादा. म्हणजे जाताना 30, परतीला वारा पाठीवर घेऊन 28, आणि पाऊण तासाचा राखीव साठा 17. बेरीज 75. वापरता येणारं इंधन साधारण 92 लिटर. लहान विमानतळावर ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) मिळेलच असं धरून कधी निघू नये. टाक्या भरून निघालं तर जाऊन-येऊन भागतं. काटे बघून इंधन ठरवू नये. या विमानाचे इंधनकाटे विहिरीवरच्या जुन्या मीटरसारखे, हलतात पण सांगत काही नाहीत. पंखावर चढून टाकीत पट्टी बुडवायची, तोच खरा आकडा.

उड्डाणापूर्वीच्या तपासणीत सोलापुरात काही गोष्टी मुद्दाम बघाव्या लागतात. कुंभारीण माशीला बारीक नळी फार आवडते. डाव्या पंखाखालची वेग मोजणारी पिटो नळी आणि तिथेच पंखाला टेकू देणाऱ्या दांडीजवळची टाकीची श्वासनळी, ही तिची दोन लाडकी घरं. पिटो बुजली तर वेगाचा काटा उठत नाही, ते रनवेवरच कळतं. श्वासनळी बुजली तर कळायला वेळ लागतो: टाकीत निर्वात होत जातं आणि इंधन येणं मंदावतं. 152 मध्ये इंधनपंप नाही, उंचावरच्या पंखातून इंधन आपोआप खाली उतरतं, म्हणून ही नळी मोकळी असणं जास्तच गरजेचं. चार दिवस विमान उभं राहिलं तर इंजिनाच्या आच्छादनात साळुंकीचं गवत सापडतं. पुढच्या भोकांतून टॉर्च मारून आतपर्यंत बघायचं. चाकांना बाभळीचे काटे बघायचे. हवा पुढच्या चाकात 30 पीएसआय, मागच्या दोन्हींत 21.

इंधनाचा नमुना तीन जागांवरून काढायचा: प्रत्येक टाकीखालून एक आणि इंजिनाच्या गाळणीतून एक. पेल्यात निळं दिसलं पाहिजे आणि तळाशी पाण्याचा थेंब नको. अर्ध्या भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्यात वाफ धरते, म्हणून पावसाळ्यानंतर पाणी जास्त सापडतं. पेला पूर्ण पाण्याचा भरला तर सगळं एकसारखं दिसतं आणि माणूस फसतो. रंग नक्की निळा आहे का, हे पांढऱ्या कागदापुढे धरून बघा. ऑइल सहा क्वार्ट मावतं (क्वार्ट म्हणजे लिटरला थोडं कमी), चारच्या खाली उडायचं नाही. आम्ही पाच ठेवतो, सहावा क्वार्ट पोटाखालच्या पत्र्यावर जाऊन बसतो. स्टॉलची, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखाची उचल सुटायला आल्याची, शिट्टी डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला असते, विजेशिवाय वाजणारी. त्या भोकावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढायची, पिपाणीसारखा आवाज आला की ठीक. बघणाऱ्यांना हा प्रकार फार विनोदी वाटतो.

आत बसताना खांद्याला खांदा लागतो. सीट पुढे सरकवून पिन खाचेत बसल्याचा आवाज ऐकायचा आणि मग अंग मागे-पुढे करून खात्री करायची. टेकऑफच्या जोरात सीट मागे घसरली तर हात आपोआप दांडा मागे ओढतो, आणि नाक वर जातं. सेस्नाची ही जुनी, गंभीर खोड आहे. दाराची कडीही तशीच हलकी. हवेत दार उघडलं तर दोन इंच फटीपलीकडे जात नाही. आवाज मोठा, धोका छोटा. विमान उडवत राहायचं, दाराशी झोंबायचं नाही.

सकाळी इंजिन थंड असेल तर प्राइमरचे (थेट इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या दांड्याचे) एक-दोन झटके, मिक्श्चर (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी मूठ) पूर्ण आत, थ्रॉटल अर्धा इंच, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ) बंद, पंख्याजवळ कुणी नाही हे ओरडून सांगायचं आणि किल्ली फिरवायची. तीस सेकंदांत ऑइलचा दाब आला पाहिजे. दुपारी गरम इंजिनाला प्राइमर देऊ नये. दिलाच आणि इंजिन पेट्रोलनं भिजलं, तर मिक्श्चर बाहेर, थ्रॉटल पूर्ण पुढे आणि स्टार्टर. इंजिन घेतलं की दोन्ही हात उलट दिशेनं चालवायचे: मिक्श्चर आत, थ्रॉटल मागे. याला सराव लागतो.

ओ-235 ची दुखरी नस म्हणजे खालचे स्पार्क प्लग. 100 एलएल मधलं शिसं त्यांवर बसतं, विशेषतः मंद गतीवर जास्त वेळ टॅक्सी केली तर. म्हणून जमिनीवर मिक्श्चर थोडं ओढूनच चालवायचं. इंजिनाच्या मिनिटाला 1,700 फेऱ्यांवर मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणारी दोन यंत्रं) तपासताना एकेकावर 125 पेक्षा जास्त घट नको आणि दोघांतला फरक 50 च्या आत हवा. घट जास्त आणि इंजिन खडखडत असेल तर बहुधा प्लगच. फेऱ्या वाढवून, मिक्श्चर ओढून दोनेक मिनिटं जाळायचं आणि पुन्हा तपासायचं. तरी सुधारलं नाही तर परत हँगर. दुपारच्या पातळ हवेत पूर्ण थ्रॉटलवर मिक्श्चर हलकेच ओढून फेऱ्या सर्वांत जास्त कुठे येतात ते बघून निघावं. पूर्ण आत ठेवलं तर इंजिनाला पेट्रोल जास्त होतं आणि आहे ती ताकदही मिळत नाही.

रनवे 15/33, म्हणजे एका बाजूनं 150 अंशांकडे तोंड, दुसऱ्या बाजूनं 330 कडे. वारा पश्चिम-वायव्येचा असला की 33. पन्नास नॉटला नाक उचलायचं, 67 ला चढायचं. मे महिन्यात रनवेवरून वावटळ आडवी जाताना दिसली तर ती जाईपर्यंत थांबायचं, तेवढ्यानं काही उशीर होत नाही. विमानतळाशेजारच्या साखर कारखान्याची उंच चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली. तोवर गाळप हंगामात तिचा धूर वाऱ्याची दिशा सांगायचा, आणि चिमणी स्वतः नजर खिळवून ठेवायची.

33 वरून सरळ गेलं की नाकापुढे सिद्धेश्वर तलाव. मधोमध बेटावर देऊळ, काठाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावरचे पाळणे वरून बांगड्यांसारखे दिसतात. डाव्या हाताला कंबर तलाव, उजवीकडे दूरवर हिप्परग्याचं पाणी. शहरावर घारी असतात, सकाळी उशिरा जास्त. घार घाबरली की खाली सूर मारते, म्हणून तिच्या वरून जायचा प्रयत्न करायचा. मग डावीकडे वळून 294 अंश धरायचे आणि 4,500 फुटांपर्यंत चढत राहायचं. सहा-सात मिनिटं लागतात.

पहिली खूण सीना नदी आणि लांबोटी. खालून जाताना चिवड्यासाठी गाडी थांबते, वरून फक्त महामार्गाचा पूल दिसतो. मोहोळ उजव्या हाताला राहतं. रेल्वेमार्ग तिथून उत्तरेला कुर्डुवाडीकडे सरकत जातो. नवशिका पायलट इथेच चुकतो, रूळ ठळक दिसतात म्हणून त्यांच्यामागे जातो आणि वीस मिनिटांनी जेऊर-भिगवणकडे निघालेला असतो. रूळ सोडायचे, होकायंत्र धरायचं.

इथून पुढे नांगरलेली काळी रानं. काळी माती सकाळी नऊलाच तापायला लागते आणि अकरानंतर तिच्यावरून जाताना विमान खड्ड्यांतल्या बैलगाडीसारखं हिसके देतं. ऊस आणि पाणी आलं की एकदम शांत, उलट थोडं खालीच बसतं. उंची धरून ठेवायला भांडू नये. नाकाची पातळी ठेवायची, शंभर-दोनशे फूट वर-खाली होऊ द्यायचं. हवा फारच उसळली तर वेग 95 च्या खाली आणायचा. पाचट पेटवलेलं दिसलं तर त्या धुराच्या वर हमखास उचल असते, आणि धूर कुठे झुकतो त्यावरून वाराही कळतो.

पन्नास नॉटिकल मैलांवर, बरोबर आपल्या रेषेवर, नीरा नरसिंहपूर. नीरा आणि भीमेचा संगम. दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव आणि लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ, चुकायला जागाच नाही. इथे घड्याळ बघायचं. निघून 37-38 मिनिटं झाली असतील तर वारा फारसा नाही. 45 झाली असतील तर समोरून पंधरा नॉट आहे, आणि बारामतीची वेळ व इंधन दोन्ही नव्यानं मांडायचं. उजवीकडे उजनीचं पाणी चकाकत असतं. हौसेनं खाली उतरून रोहित बघू नयेत. थवा उठला तर त्यालाही धोका, आपल्यालाही.

खिडकीची काच उघडता येते ही या विमानाची सर्वांत लोभस गोष्ट. पंख डोक्यावर, खाली काही आडवं येत नाही. नीरेच्या काठचा ऊस, डाव्या कालव्याची हिरवी रेघ, आणि तिच्या पलीकडे लगेच पिवळं माळरान. पाणी कुठवर पोचलं याचा इतका स्पष्ट नकाशा जमिनीवरून कधी दिसत नाही.

पावसाळ्यात मात्र उतरताना कार्ब हीट विसरायची नाही. बाहेर 22-24 अंश आणि हवा ओली असली तरी कार्ब्युरेटरच्या नरड्यात बर्फ धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आणि हवा पसरताना तापमान वीसेक अंशांनी सहज पडतं. खूण एकच, थ्रॉटल न हलवता फेऱ्या कमी होतात. हीट पूर्ण ओढायची, अर्धवट नाही. सुरुवातीला इंजिन आणखी खडखडतं, कारण वितळलेलं पाणी त्यातून जात असतं. घाबरून हीट परत आत ढकलणं, ही इथली नेहमीची चूक.

बारामतीचा विमानतळ गावाच्या उत्तरेला आहे आणि शिकाऊ विमानांनी गजबजलेला. दहा मैलांपासून रेडिओवर आपली जागा सांगत यायचं आणि सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) जमिनीपासून हजार फुटांवर रांगेत शिरायचं. शेवटच्या टप्प्यात फ्लॅप (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या झडपा) 30 अंश, वेग 60 नॉट. गरम दिवशी जमीन जास्त भरभर मागे पळते, कारण पातळ हवेत काट्यावरचे 60 म्हणजे प्रत्यक्षात 65 च्या आसपास. डोळ्याला वेग जास्त वाटतो, आणि तो कमी करायचा मोह होतो. काट्यावर विश्वास ठेवायचा. पाच नॉट जास्त ठेवले तर विमान रनवेवर तरंगत बसतं. पुन्हा वर जायचं ठरलं तर थ्रॉटल पूर्ण, कार्ब हीट बंद आणि फ्लॅप लगेच 20 वर. 30 वर ठेवून उन्हाळ्यात हे विमान चढत नाही. पुढचं चाक टेकल्यावर थरथरायला लागलं तर दांडा मागे ओढून त्याच्यावरचा भार काढायचा, आणि तंत्रज्ञाला थरथर-रोधक बघायला सांगायचं.

उभं केल्यावर रेडिओ बंद, मिक्श्चर बाहेर, मॅग्नेटो बंद, किल्ली काढून डॅशबोर्डवर. पंखांना आणि शेपटीला दोऱ्या. पिटोवर आच्छादन आधी, चहा नंतर. माशीला तेवढा वेळही पुरतो. मग पट्टी घेऊन पुन्हा पंखावर चढायचं. दोन्ही टाक्या सारख्या कधीच उतरत नाहीत, दोन्ही आकडे वेगवेगळे लिहायचे. खर्च 30 लिटरच्या आत असेल तर परतीला इंधन न भरता निघता येतं.