आधी दर ठरला, मग लस बनली

पीपीपी, म्हणजे सरकार आणि खाजगी कंपनीची भागीदारी, म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी टोलनाका आठवतो आणि मग एन्रॉन. त्यात लोकांची काही चूक नाहीये म्हणा. एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प १९९९ ला सुरू झाला, २००१ ला बंद पडला, आणि करारात काय तर वीज घ्या किंवा नका घेऊ, पैसे मोजायचेच, ते पण डॉलरशी बांधलेले. वीज मंडळाचं कंबरडं मोडायची वेळ आली होती. तेव्हापासून सरकार आणि खाजगी कंपनी एकत्र येतायत असं कुठे वाचलं की घरातली मोठी माणसं विचारतात, खिसा कुणाचा कापणारेत आता?

त्यामुळे २०१५ ला युनोनं २०३० पर्यंतची ती १७ शाश्वत विकासाची उद्दिष्टं जाहीर केली आणि त्यातलं सतरावं होतं भागीदारी, तेव्हा मी पण मनातल्या मनात म्हटलं, बरं बरं. सरकारं, कंपन्या, संस्था सगळे हातात हात घालून जगाचं भलं करणार, परिषदा होणार, फोटो निघणार. तसं बरंचसं होतंही. पण एक गोष्ट अशी आहे जी हडपसरहून निघते आणि थेट पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोला पोचते, आणि पुण्यातल्या माणसालाही ती सांगावी लागते. कोव्हिशील्ड शेंबड्या पोराला माहितीये, पण त्याच कारखान्यात बनलेली मेंदूज्वराची लस मेनआफ्रिवॅक विचारा, समोरचा म्हणेल हे काय गाडीचं मॉडेल आहे का.

तर सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेचा एक आडवा पट्टा आहे, २६ देशांचा, त्याला मेनिन्जायटिस बेल्टच म्हणतात. मेनिन्जायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, आपण ढोबळ मानानं मेंदूज्वर म्हणतो तो. डिसेंबर ते जून तिकडे कोरडा मोसम, सहाराकडून धुळीचे वारे येतात, घसे सुकतात, आणि साथ पेटते. सकाळी ताप, मान ताठ, आणि उपचार नाही मिळाले तर निम्मे रोगी जातात. वाचलेल्यांपैकी साधारण पाचात एकाला काहीतरी कायमचं राहतं, बहिरेपण, फिट्स, असं. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि २५ हजार गेले. यातला बहुतेक धिंगाणा ए नावाच्या एका गटाच्या जंतूचा.

लस नव्हती का? होती की. पण ती जुन्या पद्धतीची, दोन वर्षांच्या आतल्या बाळांवर धड चालत नव्हती, असर दोन-तीन वर्षात उतरायचा, आणि मुख्य म्हणजे घशात जंतू बाळगणाऱ्या धडधाकट माणसाकडून दुसऱ्याला होणारी लागण ती थांबवतच नव्हती. म्हणजे साथ आली की धावत जायचं, टोचायचं, आणि पुढच्या साथीची वाट बघायची. चांगली लस कशी बनवायची हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं एक आवरण असतं, ते एकटं दिलं तर शरीर फारसं लक्षात ठेवत नाही, पण तेच एखाद्या प्रथिनाला जोडून दिलं, उदाहरणार्थ धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषाला, तर शरीर ते पक्कं लक्षात ठेवतं. याला कॉन्जुगेट लस म्हणतात. श्रीमंत देशांत अशा लसी निघाल्यासुद्धा होत्या, पण ए गट त्यांच्याकडे फारसा नाहीच, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्या खिशात पैसे नाहीत, मग कोण कशाला बनवेल. धंद्याच्या हिशोबानं बरोबरच होतं त्यांचं.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. २००१ ला गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले आणि पाथ ही ना-नफा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून मेनिन्जायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट काढला, डॉ. मार्क लाफोर्स त्याचे प्रमुख. त्यांनी लसीच्या आधी काय केलं तर आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांच्या लोकांना जाऊन विचारलं की बाबांनो तुम्हाला काय हवंय. उत्तर आलं ते एकदम रोखठोक, डोस ५० सेंटच्या आत बसणार असेल तरच बनवा, आम्हाला परवडणारच नसेल तर ती लस असून नसून सारखीच. आणि प्रोजेक्टनं तो आकडा धरून ठेवला! म्हणजे आपल्याकडे आधी काम, मग खर्च, मग वाढीव खर्च, मग दर, असा जो क्रम असतो ना, तो अख्खा उलटा.

आता या दरात कोण बनवणार? मोठ्या पाश्चात्य कंपन्यांशी बोलणी झाली, जमलं नाही. मग प्रोजेक्टनं लसीचे तुकडेच पाडले. साखरेचं आवरण सुरुवातीला ॲम्स्टरडॅमच्या एका कंपनीकडून, साखर आणि प्रथिन जोडायची पद्धत अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामकाच्या, सरकारी प्रयोगशाळेतून, आणि धनुर्वाताचं टॉक्सॉइड, बाकीचं सगळं उत्पादन आणि तो ५० सेंटच्या आतला दर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडून. धनुर्वात तर सीरमचा घरचाच विषय. सीरमच्या मालकांचा, पूनावालांचा, घोड्यांचा स्टड फार्म, म्हातारे घोडे ते मुंबईच्या सरकारी हाफकिनला द्यायचे, तिथे घोड्यांच्या रक्तापासून धनुर्वातावरचं औषध बनायचं, त्यातूनच १९६६ ला स्वतःचा कारखाना काढायची कल्पना निघाली. म्हणजे तिथेही मुळाशी सरकारी संस्था होतीच, हे आपण विसरतो.

सीरमनं हे धर्मादाय म्हणून केलं का? मला नाही वाटत, आणि करायची गरजही नव्हती. त्यांना कॉन्जुगेट लसीचं तंत्र हातात मिळालं, जगातल्या मोठ्या खरेदीदारांशी संबंध जुळले, वर मागणी नक्की. लस तयार झाली तर पुढच्या खरेदीला पैसा घालायला 'गावी' (Gavi) नावाची आंतरराष्ट्रीय संस्था होती, ती पण २००० साली निघालेली भागीदारीच, सरकारं, गेट्स, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि लस कंपन्या एकाच टेबलावर. प्रत्येकाला काहीतरी मिळत होतं आणि प्रत्येकानं आपल्याकडे जे आहे तेवढंच टाकलं. जोखीम सरकारची आणि नफा कंपनीचा अशी वाटणी नव्हती, बस.

चाचण्या झाल्या माली, गांबिया, सेनेगल, घाना आणि भारतात. जून २०१० ला मेनआफ्रिवॅकला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोमधे मोहीम सुरू झाली, १ ते २९ वयाच्या सगळ्यांना एकच डोस. दर ४० सेंट, म्हणजे तेव्हाच्या भावानं वीस रुपयांच्याही आत. कटिंग चहा आणि वडापावच्या पैशात एका माणसाचा मेंदूज्वर टळतोय, याच्यापेक्षा स्वस्त काय असतं! काही दिवसांतच त्या एका देशात एक कोटीच्या वर लोकांना टोचून झालं. पुढे चाडमधे अभ्यास झाला तर जिथे लस पोचली होती तिथे रोगाचं प्रमाण ९४ टक्क्यांनी कमी निघालं, आणि घशात जंतू बाळगणारेही जवळजवळ सापडेनात. पट्ट्यात एकूण ३४ कोटींच्या वर लोकांना लस मिळाली. २०१७ नंतर ए गटाचा एकही पक्का रुग्ण तिकडे नोंदला गेलेला नाही. शून्य.

एक बारीक गोष्ट सांगतो. माझी आत्या अंगणवाडी सेविका होती, पल्स पोलिओच्या रविवारी निळा डबा खांद्याला लावून निघायची, आत आईसपॅक, आणि डब्याचं झाकण कुणी उगाच उघडलं की ती जे ओरडायची ते अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. कुपीवर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन, उष्णता लागत गेली की चौकोन काळसर होत जातो, आणि गोलाइतका झाला की ती कुपी फेकायची. ती प्रत्येक वेळी चष्मा वर करून तो चौकोन बघायची. तर तिच्यासारख्याच बायका बेनिनमधल्या खेड्यांत फिरत होत्या, आणि तिथे बर्फ आणायचा कुठून? मग २०१२ मधे तिथे या लसीला ४० अंश तापमानापर्यंत चार दिवस फ्रीजबाहेर ठेवायची परवानगी मिळाली, आफ्रिकेत अशी परवानगी मिळालेली ही पहिलीच लस. माहिती जमवून, तपासून, सरकारी नियामकांकडून ते मंजूर करून घेतलं. शेवटच्या दहा किलोमीटरचा विचार इतका बारीक करणारा प्रोजेक्ट मी तरी फार पाहिला नाही, आपल्या रस्त्यांच्या निविदा काढणाऱ्यांना हे वाचायला द्यायला पाहिजे.

पण सगळं गोडगोड नाहीये हां. ए गेला तशी बाकीच्या गटांनी डोकी वर काढली. २०१५ ला नायजरमधे सी गटाची मोठी साथ, २०१७ ला नायजेरियात पुन्हा सी, तिथे हजाराच्या वर लोक गेले. आणि दुसरी अडचण आपल्या अंगणातली, सगळं एकाच कारखान्यावर टेकवलं की काय होतं ते २०२१ ला दिसलं. कोव्हॅक्स म्हणजे गरीब देशांना कोविडच्या लसी पोचवायची जागतिक योजना, तिची मोठी भिस्त सीरमवर, आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि तिकडे आफ्रिकेतले देश महिनोन्‌महिने रांगेत. आपल्याला तेव्हा लस हवीच होती, त्याबद्दल वाद नाही, माझ्या घरातलेही कोविन उघडून बसलेलेच होते. पण ज्यांनी पहिला डोस देऊन ठेवला होता आणि दुसरा येईना, त्या देशांनी काय करायचं? त्यानंतर आफ्रिकेतच लसींचे कारखाने हवेत ही मागणी जोर धरू लागली, आणि मला ती शंभर टक्के पटते, पुण्याचा अभिमान बाजूला ठेवून.

बाकीच्या गटांवर उत्तरही त्याच जोडीनं काढलं. पाथ आणि सीरम, यावेळी पैसा ब्रिटन सरकारचा, आणि १३ वर्षं लागली. ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवर एकच लस, त्यातल्या एक्सवर तर त्याआधी जगात लसच नव्हती. जुलै २०२३ ला मान्यता मिळाली आणि २०२४ ला नायजेरियानं ती सगळ्यात आधी वापरायला काढली. फक्त पाच गटांची लस ४० सेंटला होत नाही, ती महाग आहे, त्यामुळे गावीच्या पैशावर जास्तच अवलंबून. आणि जून २०२५ ला गावीनं पुढच्या पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर मागितले, तर ९ अब्जांच्या थोडे वर जमले, अमेरिकेनं तर एक पैसा देणार नाही म्हणून सांगून टाकलं. आता उरलेल्या पैशात कुठली लस आधी घ्यायची आणि कुठली पुढे ढकलायची याची यादी लागेल, आणि मेनिन्जायटिसची साथ दरवर्षी येत नसल्यामुळे ती यादीत खाली सरकायला वेळ लागत नाही.