आमची वाटचाल : आधी चित्राची पाठ बघायची

वडिलांचं गिरगावात फ्रेमचं दुकान. दत्तगुरू, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, यावर घर चालायचं. शिवाय जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली पोरं यायची. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शन मंगळवारी सुरू होतं, म्हणून सोमवारी आमच्याकडे नुसती धांदल. पैसे नंतर देतो म्हणायचे. ज्यांना जमायचं नाही त्यांचं एखादं चित्र बाबा ठेवून घ्यायचे, तेही कुरकुरत. माळ्यावर अशी चाळीसेक साचली. आई त्यांना 'उधारी' म्हणायची.

बाबांना केकू गांधींचं भारी कौतुक. त्यांचं केमोल्डही १९४१ साली फ्रेमचाच धंदा म्हणून सुरू झालं, १९६३ मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर त्यांची गॅलरी आली. "तेही फ्रेमवालेच," बाबा सांगायचे, जणू चुलतभाऊच.

मी १९९८ला दुकानात आलो. उधारीतली पाच चित्रं झटकून, नवं माउंट घालून भिंतीवर लावली. एक साडेतीन हजाराला गेलं. चित्रकर्तीला शोधत डोंबिवलीला गेलो. बाई शाळेत चित्रकला शिकवत होत्या आणि ते चित्र साफ विसरल्या होत्या. निम्मे पैसे हातात ठेवले, तर त्यांनी पलंगाखालून आणखी तीन काढून दिली. आमची गॅलरी सुरू झाली ती त्या दिवशी. पाटी बरीच नंतर लागली.

२००२ मध्ये चित्रकार तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात ३,१७,५०० डॉलरला गेलं आणि आमच्यासारख्यांचेही फोन वाजायला लागले. चित्र कसलं आहे हे कोणी विचारेना. "गुंतवणुकीला काहीतरी द्या." मीही वाहवलो. २००६ला एका दलालाकडून नामवंत चित्रकार के. एच. आरांचं म्हणून एक तैलचित्र घेतलं. कागदपत्रं छान होती. फ्रेम उघडून पाठ बघायची, हा घरचा पहिला धडा; तो त्या दिवशी गुंडाळून ठेवला. चित्र ठाण्याच्या एका डॉक्टरांना चार लाखांना विकलं.

तीन वर्षांनी त्या फ्रेमला वाळवी लागली, म्हणून चित्र दुकानात आलं. खिळे काढून कॅनव्हास सोडवला. जुन्या कॅनव्हासची पाठ धुळीनं तपकिरी होते, पण स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीच्या, पट्टीखाली झाकलेला भाग फिकट राहतो. इथे पट्टीखालीही तोच रंग. चहाच्या पाण्याचा असावा. म्हणजे चित्र बनावट. दलालाचा नंबर केव्हाच बंद झाला होता.

डॉक्टरांना त्याच संध्याकाळी फोन केला. अकरा हप्त्यांत चार लाख फेडले. तोवर २००८च्या मंदीनं बाजारही झोपला होता. माळ्यावरची बरीचशी उधारी हप्ते फेडण्यात गेली. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. डॉक्टर मात्र अजून येतात.

आता प्रत्येक बिलासोबत चित्राच्या पाठीचा फोटो देतो. आमचं कमिशन तिसरा हिस्सा. चित्र विकल्याची लाल टिकली लागली की गिऱ्हाइकानं दिले नसले तरी पंधरा दिवसांत चित्रकाराचे पैसे पोचतात. हे परवडतं का? दर महिन्याला नाही. भाडं अजूनही फ्रेमच भरतात, आणि दत्तगुरूंचं गिऱ्हाईक उधारी ठेवत नाही.

बाबा आता ८४ वर्षांचे. मागच्या आठवड्यात एक मुलगा मोठा कॅनव्हास घेऊन आला. मी दोन पावलं मागे होऊन चित्र बघत होतो, तेवढ्यात बाबांनी ते उलटं केलं, कॅनव्हास ताणणाऱ्या पाचरी बसतात त्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि त्याला म्हणाले, "पाचरी कुठायत रे? पावसाळ्यात सैल पडेल हे."